बंद करून दाखवा

जानेवारीतला रविवार. सकाळचे अकरा. नागपूर, सिव्हिल लाइन्समधलं एक सभागृह.

हजर: मी. माझी आई. माझ्या पाठीतलं मशीन ज्या संस्थेनं दिलं, तिच्या अध्यक्ष मॅडम. मशीनच्या कंपनीचा इंजिनियर. एक फोटोग्राफर. समोर खुर्च्यांवर देणगीदार.
गैरहजर: माझा नवरा. मौद्याला ड्युटीवर.

मॅडमच्या एका हातात माईक होता, दुसऱ्या हातात माझा रिमोट. बॅटरी तपासतो म्हणून इंजिनियरनं तो माझ्याकडून घेतला होता. त्याच्याकडून तो मॅडमकडे गेला.

"आता आपण मशीन बंद करून दाखवू," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या मदतीनं काय बदललं ते सगळ्यांना कळेल."

मला कोणी विचारलं नाही. बटण दाबलं गेलं.

मी मुलींच्या वसतिगृहात गृहपाल आहे. जिन्यावरून पडले. मणक्याची दोन ऑपरेशनं झाली, पण डाव्या पायाची आग थांबेना. पायाला चादर लागलेली सहन होईना. शेवटी कमरेच्या वर, कातडीखाली बॅटरी बसवली. तिथून एक तार मणक्यापर्यंत जाते. बारीक झटके बसत राहतात, पायात मुंग्या येतात आणि त्यांच्याखाली दुखणं दबून राहतं. जात नाही. दबून राहतं. आठवड्यातून एकदा पट्टा बांधून चार्ज करावं लागतं. मी पट्टा बांधून बसले की आई घरभर सांगत फिरायची, "पोरगीले चार्जिंगले लावलं आहे. कोनी हात नोका लावू, करंट लागन."

मशीन बंद केलं तरी दुखणं लगेच येत नाही. मॅडमना हे माहीत नव्हतं. आधी मुंग्या थांबतात. दुखणं मागून येतं. लोक माझ्या तोंडाकडे बघत बसले. पहिल्या रांगेत कोणीतरी जांभई दिली.

मॅडमनी माईकवर विचारलं, "अजून दुखत नाही का?"

लोक हसले.

"जरा चालून दाखवा. म्हणजे सुरू होईल."

मी चालले. मशीन त्यांनी दिलं होतं ना. टाचेतून आग उठली आणि मांडीपर्यंत चढली. मी टेबल धरलं. तोंडून आवाज निघाला, तो माईकनं सगळीकडे पोचवला. समोरून कोणीतरी "अरेरे" म्हणालं. मॅडमनी मान डोलावली. कार्यक्रम जमला होता.

"रिमोट द्या," मी म्हटलं.

"हो हो. एक मिनिट. मागच्यांनाही दिसू द्या."

तेवढ्यात आई स्टेजवर आली.

आईबद्दल इथेच सांगते. छप्पन साली धम्मदीक्षेच्या दिवशी ती आजीच्या कडेवर होती. मोठी झाल्यावर नरखेडकडे दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागांमध्ये मजुरी केली. मालकिणीसमोरही ताठ उभी राहायची. आम्हा भावंडांना तिनं कधी कोणाच्या पाया पडू दिलं नाही. माझ्या लग्नात सासूपुढे मी खाली झुकायला लागले तर मागून तिचा आवाज आला, "जय भीम म्हन. हात जोड. बस."

ती आई मॅडमच्या पायांवर वाकली. दोन्ही हात त्यांच्या सँडलवर ठेवले.

"चालू करा जी बाई. माह्या पोरीचं चालू करा."

फ्लॅश पडला. मॅडमनी बटण दाबलं. मुंग्या परत आल्या. आग अजून उतरायची होती.

फोटोग्राफर म्हणाला, "आजी, पुन्हा एकदा. चेहरा इकडे करा."

आणि आई पुन्हा वाकू लागली.

मी तिचा दंड धरला. "नाही," म्हटलं. मॅडमच्या हातातून रिमोट घेतला. मागितला नाही, घेतला.

"हे माझ्या अंगाचं बटण आहे. याला मीच हात लावीन."

मॅडम इंजिनियरकडे वळल्या. माईक चालूच होता. "फुकट मिळालं आणि तोरा बघा. यांना काही दिलं की असंच असतं."

यांना. स्टेजवर बोलावताना माझं आडनाव त्यांनीच वाचलं होतं.

ऑटोत आई म्हणाली, "काहून रडून राहिली वं? चालू झालं ना?"

"झालं."

"मंग बस."

घरी आल्यावर तिनं साबण लावून हात धुतले. पुसले. परत धुतले. मागच्या हिवाळ्यात ती गेली.

मशीनची सेटिंग करायला मला त्याच संस्थेच्या दवाखान्यात जावं लागतं. तिथं समोरच्या भिंतीवर तो फोटो लावला आहे. मोठा, काचेच्या फ्रेममध्ये. मॅडमचे पाय, आईचं डोकं. मी कडेला, अर्धी कापलेली. खाली छापलंय: कृतज्ञता. काढा म्हणून दोनदा सांगितलं. काउंटरवरची मुलगी म्हणते, मॅडमना विचारावं लागेल. नवरा म्हणतो, "राहू दे ना वं. त्यांनी सेटिंग बंद केली तर काय करशीन?"

त्याची भीती खरी आहे. ती आग त्यानंही पाहिली आहे.

सोमवारी सेटिंगची वेळ आहे. सोबत न्यायचं: रिमोट, मशीनचं कार्ड, एक मोठी कापडी पिशवी. आधी फोटो, मग सेटिंग. कोणालाही विचारणार नाही. सेटिंग करून दिली नाही तर दुखणं घेऊन घरी येईन. आईला तिथं, त्या पायांवर, सोडून येणार नाही.

आज शुक्रवार. फोटो अजून भिंतीवर आहे.