जावयाच्या कुंडीत माहेर: एक जास्वंद पोत्यात घालून कळसाडी ते नंदुरबार

आधी कबूल करून टाकतो, म्हणजे मोकळं. काकूच्या दोन कुंड्यांच्या पट्ट्या मी बदलल्या. चुकून नाही. ठरवून.

यात एवढं काय, असं वाटत असेल तर काकूची बाग बघायला पाहिजे. कळसाडीत आमचं घर, मागे ऊस, आणि घर अन् उसाच्या मध्ये जेवढी जागा आहे तिथे एकोणीस जास्वंदी. गुलाब नाही, मोगरा नाही, काही नाही. नर्सरीवाले सांगतात ती इंग्रजी नावं काकूच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून तिने झाडांना नात्यातली नावं दिलीत. रंगाच्या डब्याची झाकणं कापून पट्ट्या करते आणि मार्करने लिहिते. 'सासू' म्हणजे गुलाबी, डबल पाकळीची. कळ्या भरपूर धरते आणि उन्हाळ्यात निम्म्या टाकून देते. 'नणंद' पांढरी, एक दिवस पाणी चुकलं की पानं पिवळी करून दाखवते. 'जावई' पुण्याहून आणलेली हायब्रीड. ताटलीएवढं पिवळं फूल, मध्ये लालभडक. महिन्यातून दोनदा येणार, एक दिवस टिकणार, खत सगळ्यात जास्त खाणार, आणि घरी आलेला प्रत्येक माणूस फोटो मात्र त्याचाच काढणार.

आणि एक 'माहेर'. साधी लाल, पाच पाकळ्यांची. काकूच्या माहेरी अंगणात होती. मामांनी स्लॅबचं घर बांधलं तेव्हा ते झाड गेलं. काकूने त्याआधी आणलेली एक काडी जगली, तेवढीच उरली. तिची फांदी ती कोणाला देत नाही. कोणी मागितलीच तर म्हणते, "माहेर काय वाटानी वस्तू शे का?"

माघात तिने छाटणी केली. जावई आणि माहेर दोघांना एकसारख्या नव्या सिमेंटच्या कुंड्या मिळाल्या. छाटल्यावर दोन्ही नुसते खुंट. चार-पाच पानं उरली होती, त्यावरून ओळखू आलं असतं, म्हणून ती पण मी खुडली. मग पट्ट्या बदलल्या. प्लॅन एवढाच होता की दोन महिन्यांनी माहेरच्या जागी ताटलीएवढं पिवळं फूल येईल, काकू किंचाळेल आणि मी व्हिडिओ काढीन.

चार दिवसांनी शहाद्याहून घरी आलो तर एक कुंडी गायब.

"काकू, जावई कुठंय?"

"दि टाका नंदुरबारले, शैलाबाईले. त्या दोन नवा दी ऱ्हायन्यात बदलामा. तो नुसता खत मांगस."

शैलाबाई म्हणजे रिटायर मास्तरीण. काकूची आणि तिची ओळख जास्वंदवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झाली. शेजारच्यांची गाडी नंदुरबारला निघाली होती, तिच्यातच कुंडी गेली. जावयाची पट्टी लावून माहेर गेलं, आणि काकू अंगणात उभी राहून जावयाच्या खुंटाला माहेर समजून ताकाचं पाणी घालत होती.

दुसऱ्या दिवशी काकू सकाळीच कापूस वेचायला शेतात गेली. मी माहेरच्या पट्टीवाला खुंट मुळांसकट उपसला, ओल्या पोत्यात गुंडाळला. रिकामी कुंडी दिसली असती, म्हणून कुंपणाच्या जास्वंदीची एक काडी तोडून तिच्यात खोचली. पोतं बाइकला बांधलं आणि निघालो.

या बाजूला यायचं असेल त्यांच्यासाठी: कळसाडीहून शहादा, शहाद्याहून प्रकाशा, मग तापीचा पूल आणि सरळ नंदुरबार. उसाच्या ट्रॉल्यांचा सीझन असेल तर वेळ डबल धरा. ट्रॉलीच्या मागे राहिलात तर हाताने ऊस ओढता येतो, पण ते मी सांगितलं असं म्हणू नका.

प्रकाशाला थांबलो. देवळाच्या बाजूला चहा बरा मिळतो, दहा रुपये, वर शेव-पापडी. नदी शांत, पायऱ्यांवर नर्मदेकडून आलेले दोन-चार यात्रेकरू कपडे वाळवत बसलेले. पोत्यावर पाणी मारावं म्हणून फुलवाल्या मावशीकडे तांब्या मागितला. तिने पोत्यात डोकावलं.

"कसानं झाड शे?"

"जास्वंद."

"इकत लेयेल शे." विकत घेतलेलं आहे म्हणे.

"तुम्हाला काय माहीत?"

तिने बोट लावून दाखवलं. मातीपासून वीतभर वर खोडाला एक गाठ. "कलम शे हाई. खाले देशी, वर नवरदेव. गाठवालं झाड इकत लेयेल ऱ्हास. बिनगाठनं ते माय नहीते बहिननी देयेल काडीनं."

हे लक्षात ठेवा, घरी जास्वंद असेल तर कामाला येतं. महागड्या हायब्रीड बहुतेक देशी खुंटावर कलम केलेल्या असतात, स्वतःच्या मुळांवर आपल्याकडच्या उन्हात टिकत नाहीत. गाठीच्या खालून फुटवा आला तर तो कापायचा, नाही तर देशी सगळं खाऊन टाकतं आणि वरचं मरतं. मला त्यातून एवढंच घ्यायचं होतं की शैलाबाईच्या घरी बिनगाठीचं झाड शोधायचं.

नंदुरबारला शिरायच्या आधी मिरचीच्या पथाऱ्या लागतात. शेतंच्या शेतं लाल, बायका तोंडाला कापड बांधून मिरच्या उलट्या करतात. फोटो काढायला थांबलात तर वाऱ्याची दिशा बघून थांबा. मी नाही बघितली. सात शिंका आल्या आणि डोळे असे झाले की शैलाबाईने दार उघडताच विचारलं, "काय रे, घरी सगळं ठीक आहे ना?"

"काकूने विचारलंय, जावई कसाय."

"ये, गच्चीवर ये."

गच्चीवर हिरव्या जाळीखाली चाळीस कुंड्या. इथे नाती नाहीत, नंबर. वहीत प्रत्येक झाडाचं पान: कळी कधी धरली, फूल किती इंच, किती तास टिकलं. एक नारिंगी दाखवून म्हणाल्या, थंडीत हे विटेच्या रंगाचं असतं, मे महिन्यात नुसतं पिवळं. उन्हाने रंग बदलतो. एक जांभळी होती, दोन दिवस टिकणारी, पण वर्षात सहा फुलं. "देशी लालशी तुलना केली की ही सगळी आळशी," म्हणाल्या. बोलायच्या शुद्ध, वर्गात बोलतात तशा. मी मान हलवत होतो आणि खोडं बघत होतो. गाठ, गाठ, गाठ.

"सरबत घेशील? जास्वंदीचंच आहे."

"घेईन की."

त्या खाली गेल्या आणि मी कोपऱ्यात पळालो. काकूची सिमेंटची कुंडी, 'जावई' लिहिलेली पट्टी, आणि खोडाला गाठ नाही. सापडली. मग वर बघितलं. दोन फांद्या कापलेल्या. ताज्या, तिरप्या, धारदार कात्रीने.

"काय शोधी ऱ्हायना रे?"

शैलाबाई मागेच उभ्या, हातात ट्रे. बाई एकदम अहिराणीत आल्या म्हणजे प्रकरण सरळ नाही हे मला कळलं.

"बाई, हा जावई नाही."

"माले माहीत शे."

"कधीपासून?"

"गाडीमधून उतारं तव्हयच. गाठच नही."

"मग काकूला फोन का नाही केला?"

त्यांनी ट्रे खाली ठेवला. लाल सरबतात लिंबू पिळलं, ते एकदम गुलाबी झालं. तेवढ्यात त्यांना शुद्ध भाषा सापडली. "फोन हातात घेतला होता. मग वाटलं, आधी दोन काड्या लावू, मग फोन करू. पाच वर्षं मागतेय मी तुझ्या काकूकडे. सासू घ्या म्हणते, नणंद घ्या म्हणते. त्या लालचं नाव काढलं की विषयच बदलते."

त्यांनीच मग कोपऱ्यात बोट दाखवलं. पाण्याच्या दोन बाटल्या अर्ध्या कापून त्यात माती, आणि प्रत्येकीत एक काडी, वर पिशवी बांधलेली. सावलीत ठेवल्या होत्या, कोणाच्या नजरेला येणार नाहीत अशा.

मी खाली जाऊन बाइकवरचं पोतं आणलं, उघडून खरा जावई पुढे ठेवला. "हा तुमचा. ते आमचं. आणि काड्या पण."

"झाड ली जाय," शैलाबाई म्हणाल्या. "काड्या नही भेटाव."

"बाई, तिचं माहेर आहे ते."

"आणि पट्टी कोनी बदली?"

मी ग्लास उचलला. सरबत प्यायलो, चांगलं होतं, साखर थोडी जास्त. त्यांनी विचारलं, "सांगशील तिला?" मी विचारलं, "तुम्ही सांगाल?" दोघांनी ग्लास संपवले. जाताना त्यांनी कबूल केलेल्या दोन नव्या हायब्रीड पण दिल्या, काहीच झालं नसल्यासारख्या. झाडाच्या मुळांना ओलं फडकं मात्र स्वतःच्या हाताने बांधलं.

परतीचं काही लिहीत नाही. ऊन होतं, मी कुठेच थांबलो नाही.

घरी पोहोचलो तर काकू आधीच शेतातून आलेली आणि कुंपणाच्या त्या काडीला वाकून बघतेय.

"हाई वाढी ऱ्हायनं की घटी ऱ्हायनं?"

"काकू, तुझा फोन वाजी ऱ्हायना."

ती आत गेली. आयुष्यात एवढ्या वेगाने मी कधी खड्डा केला नसेल. ती बाहेर आली तेव्हा माहेर माहेरच्या कुंडीत होतं, बरोबर पट्टीसकट. तिने चष्मा नीट केला, कापलेल्या फांद्या बघितल्या.

"दोन फांद्या कोनी काप्यात?"

"बकरीने खाल्ल्या असतील."

"बकरी काय कात्री लिसन उनी व्हती का?"

मी नव्या हायब्रीड पुढे केल्या. म्हटलं, बाईंनी दिल्या, मोबाइलच्या कामाने नंदुरबारला गेलो होतो. त्यात ती गुंतली. एकीला 'जाऊ' नाव पडलं, दुसरीचं अजून ठरलं नाही.

मेमध्ये ऊन इतकं चढलं की माहेरची पानं गळली, एक फांदी वाळली. काकू सकाळ-संध्याकाळ ओली गोणपाटं लावत होती, जेवायला बोलावलं तर ताट झाकून ठेवा म्हणायची. एकदा कुंडीजवळ बसूनच म्हणाली, "हाई गयं ते मन्हं माहेर गयं." माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, की नाही गं, नंदुरबारला दोन आहेत, दोन्ही जगल्यात, गच्चीवर, जाळीखाली, बाईंनीच मला कळवलंय. दोन वाक्यांचं काम होतं. मी पाण्याची बादली भरून आणली.

झाड वाचलं. आषाढात पहिलं फूल आलं. काकूने ते तोडलं नाही, देवाला पण नाही वाहिलं. शेजारणीला बोलावून दाखवलं, "दुनियामा एकच शे हाई." त्याच आठवड्यात शैलाबाईंचा फोटो आला, फक्त मला. तसंच लाल, तशाच पाच पाकळ्या, खाली वहीच्या पानाचा कोपरा. त्यांनी नंबर नव्हता टाकला. 'माहेर' लिहिलं होतं.

मग काहीतरी काम काढून मी परत नंदुरबारला जाऊन आलो. दोन्ही फुलं डोळ्यांनी बघितलेला माणूस जगात मी एकटाच आहे, म्हणून तुलना पण मलाच करावी लागतेय. रंग आमचा गडद. पण फूल नंदुरबारचं मोठं. चांगलं बोटभर मोठं.

पट्ट्यांचं कळलं तर काकू मारेल, ते मी सहन करीन. काड्यांचं कळलं तर शैलाबाईशी बोलणं सोडेल, तेही दोन वर्षांनी मिटेल. पण हे बोटभराचं मात्र, हात जोडतो, पाया पडतो, कळसाडीतल्या कोणाला सांगू नका.