घासाच्या लयीतलं रॉक

मी चौथीपर्यंत शिकलो, पण अकॉर्डियन शिकवायला मला कुणी लागलं नाही. नगर रस्त्याला, येरवड्याच्या पुढं एक गार्डन हॉटेल होतं, तिथं मी संध्याकाळी वाजवायचो. माझा नियम एकच. जेवणाऱ्याच्या घासाच्या पुढं गाणं पळता कामा नये. चावताना लय चुकली की अन्न अंगी लागत नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही. मी सांगतो म्हणून खरं.

मालक वाघोलीचा. जमीन विकून हॉटेल काढलेलं. आयटीवाली पोरं यायला लागली तसा एके दिवशी म्हणाला, "काका, ह्यांना इंग्रजी पायजे. रॉक. शनिवारी सगळी कंपनी जेवायला येणार हाय. जमत नसंल तर तसं सांगा, सीडीचं मशीन आणून ठेवलंय."

"मशीनला म्हणावं, आधी माझ्यासमोर बसून वाजव."

बोलून बसलो खरा. पण तिथं वाजवायच्या खुर्चीवर माझी अकरा वर्षं गेली होती. ती काय मशीनला द्यायची?

दुसऱ्या दिवशी जेवायला आलेल्या एका केसाळ पोराला धरलं. "तुमचं ते रॉक ऐकवा." त्यानं माझ्या कानाला हेडफोन लावला. आत एक माणूस अंगठ्यावर वरवंटा पडल्यासारखा ओरडत होता. तीनदा ऐकलं. ओरडणं वजा केलं तर खाली चाल चांगली घरंदाज होती. मग वजाच केलं.

शनिवारी लांबलचक टेबल लागलं. पनीर आलं, तसा मी भाता उघडला आणि ते गाणं घासाच्या लयीत सोडलं. निवांत. मधे दोन हरकती माझ्या पदरच्या.

आधी चमचे थांबले. मग एक मुलगी फिस्सकन हसली, आणि केसाळ पोराला असा ठसका लागला की शेजारच्याला पाठ थोपटावी लागली. काउंटरमागं मालक मशीनची वायर सोडवायला लागला.

मी भाता मिटला. "चुकलेला सूर दाखवा. नाहीतर गप जेवा."

"चुकलं नाही हो, काका," पोरगा डोळे पुसत म्हणाला. "हे गाणं लावून मी हॉस्टेलात भिंतीवर डोकं आपटायचो. आज तेच ऐकता ऐकता तिसरी रोटी मागवली!"

"मग बरंच झालं की. डोकं आपटून पोट भरतं का?"

"पुन्हा वाजवा ना, प्लीज!"

चारदा वाजवलं. मग दर शनिवारी पोरं नवनवा आरडाओरडा घेऊन यायची आणि मी त्याला शिस्तीत जेवायला बसवायचो. ती पोट धरून हसायची. का, ते मला अजून कळलेलं नाही. मी एकदाही गंमत म्हणून वाजवलेलं नाही.

महिन्याभरानं मालक परत माझ्याकडं आला. "काका, जरा फास्ट घ्या की. गिऱ्हाईक उठतच न्हाई, भाईर रांग लागलीय."

"रांगेला सांगा, आत माणसं चावून खातायत."

तो पुटपुटत काउंटरवर गेला. मशीन तिथंच होतं. बडीशेपेची वाटी ठेवायला त्याची चांगली सोय झाली होती.