पदराखालचं यंत्र

ठाण्याला खाडीच्या अंगाला एक सार्वजनिक प्रसूतिगृह होतं. बारा खाटा, एक डॉक्टर, दोन नर्सा आणि आया. सुमतीबाई आपटे तिथे पंधरा वर्षं मोठ्या नर्स होत्या, आणि गावात त्यांचं नाव होतं ते त्यांच्या कानांमुळे. बाळंतिणीच्या पोटावर लाकडी भुंगळी टेकवायची, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि आतल्या मुलाच्या काळजाचे ठोके मोजायचे, हे काम सगळ्याच नर्सा करत. सुमतीबाई मात्र नुसतं ऐकून मूल दमलंय की नाही ते सांगत, आणि ते खरं ठरे. डॉक्टर हरिहर गुप्ते स्वतः भुंगळी क्वचितच हातात घेत. सुमतीबाई काय म्हणतात ते विचारत, आणि त्यावर चिमटा लावून मूल ओढून काढायचं की वाट पाहायची ते ठरवत.

सुमतीबाईंचा नवरा त्यांच्या एकविसाव्या वर्षी विषमज्वराने गेला होता. वर्षश्राद्ध झालं तसं सासरच्यांनी त्यांना ट्रंकेसकट डोंबिवलीला भावाच्या घरी पोचवलं. तिथे चार वर्षं त्यांनी वहिनीची बाळंतपणं काढली, वाती वळल्या, आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत बसल्या. मग हट्टाने नर्सिंग शिकल्या. प्रसूतिगृहामागे त्यांना एक खोली मिळाली. त्या खोलीला स्वतःचं कुलूप होतं, आणि किल्ली त्या कमरेला लावत.

१९५१ साली त्यांच्या छातीत पाणी झालं. क्षयाची सुरुवात होती. मुंबईच्या सरकारी इस्पितळात तेव्हा नवीन आलेली स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं त्यांना मिळाली आणि त्या बऱ्या झाल्या. पण त्या औषधाने कानांना इजा होते. त्यानंतर कान वाजायला लागले. पहिल्यांदा चिमण्यांचा आवाज गेला, मग कपबशांचा, मग बायकांची बोलणी पुसट झाली. पुरुषांचे जाड आवाज आणि भुंगळीतली धडधड तेवढी राहिली, म्हणून त्यांनी तीन वर्षं स्वतःची समजूत घातली. १९५४ च्या पावसाळ्यानंतर भुंगळीही मुकी व्हायला लागली.

हे एकट्या गंगुबाईला कळलं. गंगुबाई तिथली आया, दहा वर्षं त्यांच्या हाताखाली होती. बाळंतीण काही बोलली की तेच ती जरा मोठ्याने पुन्हा बोले, जसं काही स्वतःशीच बोलतेय. हे काही महिने चाललं. मग एक दिवस कपडे वाळत घालताना तिने सरळच सांगितलं की सरकारी इस्पितळात कानाचे डॉक्टर बसतात, तपासणी फुकट असते, गरजवंताला यंत्रही मिळतं, थोडं थांबावं लागतं इतकंच.

सुमतीबाईंना ते माहीत होतं. त्याचबरोबर त्यांना हेही माहीत होतं की प्रसूतिगृहाच्या नोकराला तिथे जायचं तर गुप्ते डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि तपासणीचा कागद परत गुप्त्यांच्याच टेबलावर येतो.

"डॉक्टर काय खाणार आहेत तुम्हाला?" गंगुबाई म्हणाली. "दुसरं काम देतील."

"आणि नाही दिलं तर? पुन्हा डोंबिवलीला जाऊन वाती वळू?"

गंगुबाईने पुढचं लुगडं झटकून दोरीवर टाकलं.

वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून सुमतीबाईंनी मुंबईत फोर्टातलं कानाच्या यंत्रांचं एक दुकान शोधलं. खाली गालिचा, खिडक्यांना जाड पडदे, आत एक टाय लावलेला गृहस्थ. त्याने चिठ्ठी मागितली नाही, नावही विचारलं नाही. तळहाताएवढी एक डबी त्यांच्या हातात दिली, तिची वायर कानात बसवली आणि मागे जाऊन हलक्या आवाजात विचारलं, "बाई, चहा घेणार का?" सुमतीबाईंना ते शब्दन्‌शब्द ऐकू आलं आणि त्यांना रडू फुटलं. आपण काय काम करता, हे त्या गृहस्थाने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेलं होतं ते सगळं त्या डबीत गेलं.

दुकानाबाहेर पाऊल ठेवताच त्यांना कळायला हवं होतं की याने भागणार नाही. ट्रामची घंटा, केळेवाल्याची हाक, पायातल्या चपला, सगळं एकाच जोराने कानात घुसत होतं. तरी त्यांना वाटलं, सवय होईल. डबी पोलक्याच्या आत, सेलची पिशवी कमरेला, वायर अंबाड्याखालून आणि वर पदर घट्ट लपेटलेला, अशा त्या कामावर जायला लागल्या. पदर हलला की कानात लाट फुटल्यासारखा आवाज येई. समोरचा माणूस एकटा असला आणि सावकाश बोलला तर समजे. दोघं बोलायला लागले की नुसता कालवा. अशा वेळी त्या हसून मान डोलावत. लोक म्हणत, सुमतीबाई अलीकडे फार गोड झाल्या आहेत.

भुंगळीची अडचण वेगळीच होती. यंत्राचं बोंड कानात असताना भुंगळी लावता येत नव्हती, आणि बोंड काढलं तर भुंगळीतून काही येत नव्हतं. त्यांनी त्यावर उपाय काढला. पडदा ओढून घ्यायचा, बाईवर वाकायचं, आणि पदराआडून ती डबीच पोटावर टेकवायची. तेव्हा ठोके येत. स्पष्ट, मोठे. पहिल्यांदा ते ऐकले त्या दिवशी त्यांनी देवाला पेढे ठेवले.

पोटावर ऐकू येणारा प्रत्येक ठोका मुलाचाच असतो असं नाही. आईची नाडीही तिथे वाजते, आणि कळा देणाऱ्या घाबरलेल्या बाईची नाडी मुलाइतकी वेगात धावू शकते. म्हणून एका हाताने आईचं मनगट धरून दोन्ही ताडून पाहायचं असतं. सुमतीबाईंनी हे शिकाऊ मुलींना कितीदा तरी शिकवलं होतं. पण आता त्यांचा एक हात डबी धरण्यात जाई आणि दुसरा पदर सावरण्यात.

१९५५ च्या माघात कळव्याहून तुळसा आली. नवरा परशुराम मिठागरावर कामाला होता. आधीची दोन मुलं घरी, सुईणीच्या हातून, मेलेलीच जन्मली होती. म्हणून या खेपेला सासू सखुबाईने कुणाचं न ऐकता, कळा सुरू होताच पहाटे बैलगाडी जुंपून तिला प्रसूतिगृहात आणलं होतं. दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. बाराच्या सुमारास गंगुबाई दुसऱ्या खोलीत पाणी तापवायला गेली, आणि तुळसाने सुमतीबाईंचा हात धरला.

"बाय, मगासधरना पोर हालत नाय," ती म्हणाली. आवाज दमलेला होता, ओठ कोरडे.

शेजारच्या खाटेवर तान्हं रडत होतं. सुमतीबाईंच्या कानात फक्त तेच रडणं होतं. त्या तुळसाकडे पाहून हसल्या, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "छान. अशीच राहा."

तुळसा त्यांच्याकडे बघत राहिली. शिकलेल्या बाईने छान म्हटलं म्हणजे तसंच असेल, असं वाटून तिने डोळे मिटले.

मग सुमतीबाईंनी पडदा ओढला आणि डबी टेकवली. ठोके धडधडत होते. डॉक्टर दारातून डोकावले. त्यांना कल्याणला एका सभेला जायचं होतं, पण गरज असली तर चिमटा लावूनच जाईन, असं ते म्हणाले. सुमतीबाईंनी त्यांना एकशे वीस सांगितले, चांगले, नियमित. डॉक्टरांनी टोपी घातली आणि ते गेले.

मूल साडेतीनला आलं. मुलगा होता, भरलेला, केस काळेभोर. सुमतीबाईंनी त्याला उलटं धरलं, पाठीवर चापट मारली, तोंड पुसलं. आवाज आला नाही. त्यांना वाटलं, यंत्रच बंद पडलं. रक्ताच्या हाताने त्यांनी पोलक्यात चाचपून चक्री फिरवली. कानात पदराची खसखस आली, भांड्याचा आवाज आला, तुळसाचा श्वास आला. मग त्यांनी गंगुबाईच्या तोंडाकडे पाहिलं.

डॉक्टर परतायच्या आत सुमतीबाईंनी तुळसाचा कागद भरला. गावात सुईणीकडून पोट चोळून घेतल्यावर फार उशिरा दाखल, असं त्यांनी त्यावर लिहिलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार होतं. गंगुबाईला वाचता येत नव्हतं, पण डॉक्टरांनी तो कागद ओसरीवर सखुबाईला मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा ती तिथेच उभी होती.

सखुबाई म्हणाली की आपण सुनेला पहाटेच आणलं, सुईण उंबऱ्यावरही आली नाही. डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"मग तुम्हाला न सांगता सुनेने काही केलं असेल," ते म्हणाले. "तुमच्यात हे चालतंच."

ते वाक्य सखुबाईच्या डोक्यात बसलं. तुळसा चारच दिवसांपूर्वी कोलशेतला माहेरी जाऊन आली होती. तिथेच तिच्या आईने कुणाला तरी बोलावून पोट चोळून घेतलं असणार, असं सखुबाईने धरलं. तुळसा नाही म्हणाली. पण सरकारी शिक्क्याच्या कागदापुढे तिचं नाही कोण धरणार? परशुरामाने तिला एकदा विचारलं, दुसऱ्यांदा मारलं. चैत्रात पंचांपुढे काडीमोड झाली आणि वैशाखात त्याने दुसरी केली. लोक म्हणत, तीन पोरं खाल्लेली बाई.

गंगुबाई वर्षभर गप्प राहिली. तिचा नवरा गिरणीतलं काम सुटल्यापासून घरी बसून होता, आणि तिला ही नोकरी हवी होती. पण पुढच्या माघात एक पहिलटकरीण आली, सुमतीबाई पदर सावरत वाकल्या, आणि ते पाहून गंगुबाईने हातातलं भांडं खाली ठेवलं, सरळ डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. कान, डबी, तुळसा, कागद.

गुप्ते डॉक्टरांनी त्या पहिलटकरणीला स्वतः तपासलं. तिचं मूल जगलं. मग त्यांनी सुमतीबाईंना बोलावून, न रागावता, इस्पितळाची चिठ्ठी लिहून दिली. तीन महिन्यांत तिथून त्यांना दुसरं यंत्र मिळालं. तिथल्या डॉक्टरांनी ते बसवताना बजावलं की हे माणसांशी बोलण्यासाठी आहे, याने पोटातलं ऐकायचं नसतं. गुप्त्यांनी त्यांना देवी टोचायच्या कामावर घेतलं. पगार तोच, खोली तीच. गंगुबाईने कपडे वाळत घालताना सांगितलं होतं तसंच अगदी.

तुळसाचा कागद बदलावा का, हे सुमतीबाईंनी स्वतःच विचारलं. डॉक्टर म्हणाले, मूल परत येणार आहे का? संस्थेला नावं ठेवून घ्यायची नाहीत. आणि संस्थेतल्या गोष्टी बाहेर बोलेल म्हणून त्यांनी त्या महिनाअखेर गंगुबाईला कमी केलं. ती निघाली तेव्हा सुमतीबाई दारापर्यंत आल्या. गंगुबाईने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

१९५७ मध्ये देवी टोचण्याच्या फेरीत सुमतीबाई कोलशेतला गेल्या. माहेरी परतलेली तुळसा तिथे आपल्या भावाच्या मिठागरावर मीठ ओढत होती. पायांना भेगा, हातांना चिरा, त्यात खारं पाणी. बांधावर उभं राहून सुमतीबाईंनी तिला सगळं सांगितलं. मला ऐकू येत नव्हतं, मी ते लपवलं, तुझ्या पोटाला कुणी हात लावला नव्हता हे मला ठाऊक होतं आणि तरी तसं लिहिलं. तुळसाने मीठ ओढायची फळी खाली ठेवली.

"ह्या सगला माज्या सासूला सांग," ती म्हणाली. "तिच्या तोंडावर."

त्या रविवारी दोघी कळव्याला गेल्या. सखुबाई अंगणात सुकट निवडत होती. नर्सबाईंना पाहून ती उठली, आतून खुर्ची आणवली, पदराने पुसून दिली. तुळसाला तिने बस म्हटलं नाही. तुळसा कुडाशी उभी राहिली. सुमतीबाईंनी बोलायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत सांगितलं. परशुराम ओटीवर होता. त्याने ऐकलं आणि तो उठून मागच्या दाराने गेला.

सखुबाईने सुकटाची पाटी बाजूला सारली.

"तू आलीस, सांगितलास, बरा केलास बाय," ती म्हणाली. "पन आता घरान दुसरी सून हाय. तिचा पोर हाय. आता ह्या आयकून मी काय करू?"

मग तिने चहा सांगितला. एक कप आला. सुमतीबाईंनी तुळसाकडे पाहिलं, तुळसा जमिनीकडे बघत होती. कप हातात घेऊन सुमतीबाई बसून राहिल्या, आणि सखुबाई समोरच उभी होती म्हणून त्या तो प्याल्या. तेवढ्यात नवी सून दीड वर्षाच्या मुलाला कडेवर घेऊन बाहेर आली. सखुबाई म्हणाली, आलीच आहेस तर याला देवी टोचून जा, वस्तीत परवाच एकाला अंगावर आल्या आहेत.

पिशवी बरोबर होती. सुमतीबाईंनी मुलाचा दंड पुसला, सुई लावली. ते किंचाळलं. नवीन यंत्रात त्यांना ते चांगलं ऐकू आलं. मागे वळून पाहिलं तेव्हा कुडाशी कुणी नव्हतं. तुळसा पुलाच्या वाटेने एकटीच बरीच पुढे गेली होती, आणि सुमतीबाईंनी तिला हाक मारली नाही.

तुळसा पुढेही कोलशेतलाच राहिली. तिचं दुसरं लग्न झालं नाही. भावाच्या बायकोने तिला एक पडवी दिली होती. सुमतीबाईंनी आणखी बरीच वर्षं देवी टोचल्या, हजारो मुलांना टोचल्या, आणि त्यांच्याबद्दल कुणी कधी वाईट बोललं नाही. कोलशेतची फेरी तेवढी त्यांनी पुढच्याच महिन्यात विनंती करून दुसऱ्या नर्सकडे देऊन टाकली.