आत्याचा पाय आणि पियानो

लाइट गेल्यावरसुद्धा विजेवरचा पियानो पायानं चालवू पाहणारी बाई अख्ख्या सोलापुरात एकच, आणि ती आमची आत्या! उभी नोकरी तिनं मुलींच्या शाळेत प्रार्थनेला पायपेटी वाजवण्यात काढली. पायपेटी म्हणजे दोन्ही पायांनी आळीपाळीनं भाता मारायचा नि हातांनी सूर काढायचे. ती निवृत्त झाल्यावर दादानं, म्हणजे तिच्या मुलानं, हौसेनं डिजिटल पियानो आणला. त्याला खाली तीन पेडल. बाईसाहेबांनी दोन्ही कडेच्या पेडलांना वाकून नमस्कार केला, कारण वाद्याला पाय लागणार, आणि लागल्या की भाता मारायला! उजवं दाबलं की सूर घुमत राहायचे, डावं दाबलं की दबून जायचे. कुणीतरी सारखं दार उघडझाप करतंय असं वाटायचं. "अगं आत्या, ह्याला वारा लागत नाही," मी म्हटलं. "बिनवाऱ्याचा सूर कुटं असतोय व्हय?" म्हणाली, आणि मधल्या पेडलाकडं बोट दाखवून वर मलाच विचारलं, "हे तिसरं कुणाला रे, पाव्हण्याला?" एकदा ऐन रंगात लाइट गेली, तर ही दुप्पट जोरानं पाय मारतेय. नेमकी तेवढ्यात लाइट आली! तेव्हापासून तिला समजावणं आम्ही सोडून दिलं.

पण बाई लई जिद्दीची. एकटीच बसून खटपट करत राहिली. सूर बदलला की उजवा पाय उचलायचा, नवा लागला की दाबायचा, नाहीतर सगळ्याची खिचडी होते, हे तिनं आपलं आपण शोधून काढलं. मग असं वाजवायला लागली की खालच्या मजल्यावरचे लोक मिक्सर बंद करून ऐकायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालताना तिच्या उजव्या पायाचा तळवा पोळला, टरटरून फोड आले, आणि हिला पत्ताच नाही. शुगरनं पावलातली जाणीवच गेली होती. फोड बरे झाले, पण डॉक्टर डोळे मिटायला लावून पायाच्या बोटाला हात लावायचे, "कुठं लावला?" विचारायचे, आणि आमची बोलघेवडी आत्या गप्प. दादानं पियानोवर चादर टाकली. "पेडलवर पाय चेचला तरी तुला कळायचं नाही, आता बास," म्हणाला. ती भांडलीसुद्धा नाही. "पाय असून नसल्यासारखा झालाय रे," एवढंच मला म्हणाली.

परवा गेलो तर चादर बाजूला, आत्याच्या पायात जाड मोजे. मोज्याशिवाय पेडलला पाय लावायचा नाही, ही दादाची नवी अट तेवढी पाळलेली. "डोळे मीट," मला म्हणाली. एक सूर वाजला, आणि घुमत राहिला. "हात काढलाय मी. म्हणजे पाय खाली हाय." सूर तुटला. "आता वर." अरे देवा! बधिर झालेला पाय ही बाई कानानं शोधत होती.

मी डोळे उघडले. तिनं परत एक सूर लावला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. सूर बारीक होत होत चालला होता, ती मान वाकडी करून ऐकत होती.

"अजून हाय की रे," ती म्हणाली.