मुलींच्या मॅचचा रोलर

विश्रांतवाडीच्या आमच्या शाळेत मैदान सांभाळणारे एक काका होते. मुलांच्या मॅचआधी ते पिचवर रोलर फिरवायचे, मग चपला काढून अनवाणी चालत उंचवटे तपासायचे. मुलींच्या मॅचसाठी त्यांना तसं कुणी सांगतच नसे. चेंडू भलतीकडून तोंडावर उसळायचा आणि हरलो की आम्ही पिचला शिव्या घालायचो.

मोसमातल्या शेवटच्या मॅचला सकाळीच काका रोलर ओढताना दिसले. सर म्हणाले, "अहो, आज मुलींची मॅच आहे."

काका थांबलेही नाहीत. "मग? मुलींना दात परत येतात का?"

त्या दिवशी चेंडू अगदी सरळ आला, तरी आम्ही हरलो. पहिल्यांदाच, फक्त आमच्या खेळामुळे. एवढा मान शाळेत आम्हाला दुसऱ्या कुणी दिला नाही.