बर्फात घातलेलं गाऱ्हाणं

ज्या मित्राला मी हट्टाने हिमालय दाखवायला नेलं, तो आडवा होऊन परत आला. मी मात्र ठणठणीत, साधी शिंकसुद्धा नाही. अनुभव लिहिणाऱ्याजवळ थोडीफार साधना असावी लागते म्हणतात. माझी साधना एवढीच, की गेली पंचवीस वर्षं मी रविवारी पहाटे उठतो, आणि तेही देवासाठी नाही, सह्याद्रीतल्या किल्ल्यांसाठी. देवळात गेलो तरी निम्मं लक्ष बाहेर काढलेल्या चपलांकडे. देव आहे आणि देव नाही, या दोन्ही बाजूंनी मी हिरिरीने भांडलेलो आहे. समोर कोण बसलंय ते पाहून बाजू ठरवायची. तेव्हा पुढे जे लिहितोय ते एका वाह्यात माणसाचं समजून वाचावं.

अनंता, म्हणजे आमचा अंत्या, माझा शाळेपासूनचा सोबती. लालबागच्या एका जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर तो आणि त्याची आई राहतात. ती आम्हा सगळ्यांचीच काकी. परळ-लालबागमधल्या आम्हा तीसेक जणांचा डोंगर भटकणारा गट आहे, आणि शुभाताई आमची म्होरकी. ती दादरच्या एका शाळेत गणित शिकवते, आणि दरीत अडकलेल्या माणसाला दोरावरून वर काढण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही. गेल्या थंडीत मी आणि अंत्या गढवालात स्कीइंग शिकायला गेलो. कल्पना अर्थातच माझी. अंत्या म्हणत होता, ‘अरे, पन्नाशीत लोक गुडघ्यांना तेल लावतात, तू त्यांना फळ्या कसल्या बांधतोस?’

शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, झेंडे लावलेत त्यांच्या आतच राहायचं. दोन दिवसांत मी बर्फावर इतक्या वेळा बसलो, की उताराला माझी ओळख पटली असावी. तरी तिसऱ्या दिवशी दुपारी मला वाटलं, आपण तयार झालो. झेंड्यांपलीकडच्या उतारावरून शिखरं फोटोत सुरेख आली असती.

‘हरिश्चंद्रगडाची नळीची वाट उतरलेली माणसं आपण,’ मी म्हटलं, ‘आणि झेंड्यांना घाबरायचं?’

‘तिथे दगड होते रे, धरायला. इथे काय धरू, तुझं नाक?’

‘लालबागचा ना तू?’

या प्रश्नावर आमच्याकडचा माणूस विहिरीतही उडी टाकतो. अंत्या निघाला. दहा-बारा हात नीट गेला. मग बर्फाखालच्या कशाला तरी त्याची एक फळी अडकली, अंग पुढे गेलं आणि पाय मागे राहिला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. मी घसरत, लोळत त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर वरून ढग उतरला, आणि हात लांब केला तर पंजा दिसेना, असं पांढरंफेक झालं.

डोंगरातलं प्रथमोपचाराचं जे शिकलो होतो ते केलं. पाय न हलवता काठीला मफलरने बांधला, माझं जाकीट त्याच्या अंगावर घातलं. फोन थंडीने मरून पडला होता. शुभाताई प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी बांधते, अशाच वेळेसाठी. माझी शिट्टी खोलीवरच्या खिळ्याला लटकत होती. फोटोत वाईट दिसते म्हणून मी काढली होती, आणि अंत्यालाही काढायला लावली होती. मी हिंदीत ओरडलो, इंग्रजीत ओरडलो. वारा तो आवाज तोंडातूनच काढून नेत होता. अंत्याचे दात आधी वाजत होते, मग वाजायचे थांबले. थंडीने माणूस असाच शांत होत जातो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं.

‘गप नको बसू,’ तो पुटपुटला. ‘झोप येते. गाऱ्हाणं घाल.’

आमच्या कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एक जण उभा राहून खड्या आवाजात देवाला सगळ्यांच्या वतीने साकडं घालतो, आणि प्रत्येक मागणीला बाकीचे एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ माझे वडील गावी आणि चाळीच्या गणपतीत गाऱ्हाणं घालायचे, तेव्हा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. मी त्याची नक्कल करायचो. प्रत्येक किल्ल्याच्या पायथ्याशी उभा राहून, ‘बा देवा म्हाराजा, आज पोह्यात मीठ बरोबर पडांदे!’ आणि तीस जण खिदळत, ‘व्हय म्हाराजा!’ अंत्याला ती नक्कलच हवी होती. मी तशीच सुरू केली, त्याच चढ्या, ओढलेल्या आवाजात. पण दुसऱ्या ओळीला माझा आवाज माझा राहिला नाही. ‘बा देवा म्हाराजा! ह्यां तुझां लेकरू परमुलखात पडलां हा, तेका उठव! चूक झाली ती माझी, ती माज्या पदरात घाल, तेच्या नको रे म्हाराजा!’ अंत्या ओठांतल्या ओठांत म्हणाला, ‘व्हय म्हाराजा.’ पुढची ओळ घातली. या वेळी त्याचे ओठही हलले नाहीत.

आणि वरून, त्या पांढऱ्या पोकळीतून, खणखणीत आवाज आला, ‘व्हय म्हाराजाऽऽ!’

मी जे घडलं ते सांगतोय. त्या क्षणी मला कोणी मदतीला आलं असं वाटलंच नाही. मला वाटलं, ज्याला हाक घातली तोच बोलला. मी गुडघ्यांवर होतो, आणि तसाच राहिलो. मग ढगातून तीन आकृत्या घसरत खाली आल्या. सरावावरून परतणारे लष्करातले जवान होते. त्यांतला पुढचा जवळ येत म्हणाला, ‘खंयचे रे तुमी?’ कुडाळकडचा निघाला. वरच्या वाटेने ते सरळ निघून चालले होते. माझं हिंदी-इंग्रजी त्यांच्या कानावर अजिबात पडलं नव्हतं. ‘पण गाऱ्हाणा ऐकलंय नि पाय थांबले,’ तो म्हणाला. ‘माका वाटला, गावच्या देवळात इलंय काय!’ बोलता बोलता त्याने अंत्याच्या तोंडावर चापट्या मारून त्याला जागं केलं होतं. त्याच्या सोबत्यांनी घसरगाडी आणली, तासाभरात अंत्या गरम खोलीत होता. ढाब्यावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचं अख्खं कूळ विचारणारा मी, या माणसाचं नाव विचारायचं मात्र विसरलो. ती चूक आजही टोचते.

परळच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. गुडघ्याखालचं हाड जोडलं, फाटलेले बंध शिवले. पण पाऊल वर उचलणारी नस ताणली गेली आहे. ‘ताकद येईल कदाचित वर्षभरात. नाहीही येणार.’ नाही आली तर अंत्याचं पाऊल जन्मभर लोंबतं राहणार होतं. डोंगर तर सोडाच, चाळीचा जिनाही अवघड. हे ऐकून मी जो पळालो तो दोन दिवस इस्पितळाकडे फिरकलो नाही. हिंदमाताला कपड्यांच्या दुकानांसमोरून येरझाऱ्या घालत बसलो. तिथल्या विक्रेत्यांना वाटलं असेल, याच्या मुलीचं लग्न दिसतंय. काकीला काय तोंड दाखवू?

तिसऱ्या दिवशी गेलो, तर दारातच शुभाताई. भिंतीवर तिने कागद चिकटवला होता. कोणी कधी बसायचं, कोणी काकीला जेवण पोचवायचं, कोणी अंत्याच्या कचेरीत अर्ज द्यायचा. आमचे तीसही जण त्या कागदावर होते. गटातून दहा वर्षांपूर्वी भांडून गेलेले दोघेही होते.

‘आलास?’ ती म्हणाली. ‘तुझा मंगळवार.’

‘ताई, मी...’

‘शिक्षा नाही ही. पाळी आहे. सगळ्यांची असते.’

आत काकी बसली होती. मी मान खाली घालून उभा. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, ‘जेवलंस काय रे?’ मी तिथेच लहान मुलासारखा हुंदके देऊन रडलो.

अंत्याला घरी न्यायचा दिवस आला तेव्हा नवीनच अडचण. पाय सहा आठवडे वाकवायचा नाही, आणि चाळीच्या जिन्याच्या वळणावर सरळ ठेवलेला माणूस वळत नाही. शुभाताई चाळीत येऊन चौकात उभी राहिली आणि डोंगरकड्याकडे बघावं तसं तिने तीन मजल्यांकडे पाहिलं. ‘बाहेरून नेऊ,’ म्हणाली. गॅलरीचा कठडा तिने हलवून पाहिला आणि नापास केला. दोर खोल्यांच्या आतून, छताच्या तुळयांना बांधले. मी उत्साहाने एक गाठ मारली. तिने मुकाट्याने ती सोडून पुन्हा मारली. ‘घाईत मारलीस ती. खाली जा. खालचा दोर धर, स्ट्रेचर भिंतीला लागू देऊ नको.’ पंचवीस वर्षं पुढे चालणारा मी, चौकात मोरीजवळ दोराचं शेपूट धरून उभा राहिलो.

भर दुपार होती. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. शुभाताईने हात वर केला, आणि कोणीतरी न सांगता टीव्ही बंद केला. वर, कोणाच्या माजघरात, कोणाच्या देवघरासमोर पाय रोवून आमची माणसं दोर ओढत होती. मला ती दिसत नव्हती. मला फक्त दिसत होता अंत्या, स्ट्रेचरला बांधलेला, वीत वीत वर जाणारा. त्याने कशालाच धरलं नव्हतं. हात छातीवर, डोळे उघडे, आभाळाकडे. पहिला मजला. दुसरा. इतक्या माणसांत नुसती कप्पीची कुरकुर ऐकू येत होती. बर्फात आवाज आला तेव्हा मी जसा गुडघ्यांवर खिळलो होतो तसाच आताही खिळलो, फरक इतकाच की आता हातात दोर होता. ढगातून ‘व्हय’ म्हणणारा तो एकटा कधीच नव्हता, हे दोर ओढणारेही त्याच सुरात होते, हे मला मोरीजवळ उभं असताना कळलं. तिसऱ्या मजल्यावर काकीने दोन्ही हात पुढे केले आणि स्ट्रेचर आत गेलं.

मग माझे मंगळवार सुरू झाले. अंत्याचं पाऊल मांडीवर घ्यायचं, चोळायचं, घोटा वर-खाली करायचा, शंभरदा. मी प्रत्येक वेळी अंगठ्याकडे टक लावून बघायचो. आता हलेल, आता हलेल. चार महिने काही नाही. मी चिडचिडा झालो. अंत्या मलाच समजावू लागला. एके दिवशी काकी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘पेरलेला भात रोज उकरून बघतंत काय रे? आपला काम करूचा, नि गप ऱ्हवचा.’ मला शब्द लागला. त्या दिवसापासून मी डोळे मिटून चोळायला लागलो. मागणं थांबलं. आश्चर्य म्हणजे, त्यानंतरच मला त्या पावलाची ऊब जाणवायला लागली.

असाच एक मंगळवार. मी डोळे मिटून, गटातल्या कोणाची तरी निंदा करत चोळत होतो. वाक्य अर्धं असताना तळहातावर काहीतरी टेकलं, पाखराने चोच लावावी इतकं हलकं. मी चोळायचा थांबलो. पुन्हा टेकलं.

‘कळलं?’ अंत्याने विचारलं.

‘कळलं,’ मी म्हटलं. डोळे उघडायचा धीर झाला नाही.

आता अंत्या काठी घेऊन चालतो. पाऊल पूर्ण उचलत नाही, दमला की फरपटतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून सुधारेल, किती ते सांगता येत नाही. आम्ही दोघांनीही विचारायचं सोडलंय. संध्याकाळी तो स्वतःच्या पायांनी तीन मजले चढतो, आणि मी त्याच्या मागे एक पायरी सोडून, हात न लावता चढतो. वळणावर तो दम खायला थांबतो, मीही थांबतो. ज्याने त्या दिवशी ओ दिली त्याचे आभार मानायला मला तेवढी जागा पुरते.