बोलता येईल इतपत धावणे

अख्ख्या हैदराबादेत धावायला एकाच माणसाला येतं आणि तो माणूस म्हणजे आपण, असं माझे मलकपेठेतले घरमालक, आमचे काका, मानत असत. हे मत त्यांनी कुणापासून लपवलं नव्हतं. कोठीला त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. तिथे नंबर तपासायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ते आधी जिना चढताना दम लागतो का, हे विचारत. रोज पहाटे इस्त्रीची पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पांढरे कॅनव्हासचे बूट अशा थाटात ते रेसकोर्सच्या भिंतीकडेने धावायला निघत. धावायला, असं आपलं ते म्हणत. दुधाच्या पिशव्या घेऊन घरी परतणाऱ्या बाया त्यांना सहज मागे टाकून जात. काकांना त्याचं काही वाटत नसे. धावताना ज्याला पूर्ण वाक्य बोलता येत नाही, त्याला धावताच येत नाही, हा त्यांचा सिद्धांत होता आणि तो सिद्ध करण्यासाठी ते दिसेल त्याच्याशी बोलत. पानवाल्याशी दखनीत, भाजीवालीशी तेलुगूत, आणि सोबत कुणी नसेल तर समोरून येणाऱ्या कुत्र्याशी मराठीत. काकू म्हणत, "यांना धावायचं नसतंच. यांना बोलायचं असतं. लोक उभे राहत नाहीत, म्हणून हे त्यांच्याबरोबर पळतात."

दुसऱ्याचा श्वास तपासण्याचं तर त्यांना व्यसनच होतं. आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेला एक इंजिनियर राहत असे. एकदा तो धापा टाकत बाजूने निघाला, तर काकांनी त्याला हाक मारून विचारलं, "काल रात्री जेवायला काय होतं?" तो म्हणाला, "पो... ळी..." काका म्हणाले, "भाजी सांगेपर्यंत तू पडतोस. हळू हो." त्याने मनगट पुढे करून घड्याळातले आकडे दाखवले. काका म्हणाले, "मियाँ, मी घड्याळाला कुठं विचारलं?" दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा पलीकडच्या फुटपाथवरून धावू लागला. काका इकडून ओरडून त्याच्या जेवणाची चौकशी करत राहिले.

अशा माणसाच्या हाती मी लागलो, तो गरजेपोटी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बोधनकडच्या एका खेड्यातल्या मराठी शाळेतून निघून मी पदवीपर्यंत पोचलो होतो. फौजदाराच्या भरतीची पहिली लेखी परीक्षा पास झालो होतो आणि आता मैदानी चाचणीत ठरलेल्या वेळेत सोळाशे मीटर धावायचं होतं. वयाच्या अटीमुळे ही संधी शेवटची होती. अभ्यासाची मला भीती नव्हती. पण अर्धं अंतर गेलं की उजव्या बरगडीखाली कळ येई, छाती भरून येई आणि मी रस्त्याच्या कडेला वाकून उभा राही.

पहिल्या सकाळी काकांनी धावता धावता माझ्या गावाची चौकशी सुरू केली. मी नुसती मान हलवत होतो. शेवटी ते म्हणाले, "आज मौनाचा उपास आहे का रे?" मी थांबलो आणि खरं काय ते सांगितलं. आमच्या शाळेतल्या सरांनी धावताना तोंड घट्ट मिटून फक्त नाकाने श्वास घ्यायला शिकवलं होतं. सरांनी सांगितलेलं मी आजवर कधी मोडलं नव्हतं. त्यांचं ऐकत ऐकतच तर मी इथवर आलो होतो.

काका हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. "सर बरोबर होते," ते म्हणाले. "तुमच्या मैदानावर धूळ असेल. पोरांनी ती गिळू नये म्हणून सांगितलं असेल. पण इथं सडक डांबराची आहे. तोंड उघड. सरांना मी सांगतो."

सरांना ते कधी भेटणार नव्हते. तरी माझ्या मनावरचं केवढं तरी ओझं उतरलं.

मग शिकवणी सुरू झाली. मी खूप मोठा श्वास आत ओढत असे, त्यावर ते म्हणाले, "गौलीगुड्याच्या बसस्टँडवर पाहिलंस ना? आतले उतरायच्या आधीच बाहेरचे घुसतात, मग कुणीच हलत नाही. आधी उतरू दे. श्वास पूर्ण बाहेर सोड. आत यायचं काम तो आपलं आपण करतो." वेग वाढवायचं नाव काढलं की म्हणत, "तुला वेग होना का नौकरी होना? आधी दम सांभाळ. वेग मागून येतो." मला ते आमच्या आठवडी बाजाराचं वर्णन करायला लावत. मिरचीवाले कुठे बसतात, आई कुणाकडून बांगड्या भरते. वाक्य तुटलं की हळू, वाक्य पुरं झालं की थोडं जोरात. संध्याकाळी मैदानावर एकटा वेगाने धावतानाही मी तेच करी. हळूहळू माझा बाजार लांबत गेला आणि कळ कधी यायची थांबली, ते लक्षातही आलं नाही.

चाचणीच्या दिवशी शिट्टी होताच सगळे सुसाट सुटले. मी मागे राहिलो. मग मी श्वास पूर्ण बाहेर सोडला आणि मिरचीवाल्यांपासून मोठ्याने सुरुवात केली. शेजारच्या मुलाने घाबरून विचारलं, "काय झालं अन्ना?" मी म्हटलं, "काही नाही, बाजार आहे," आणि त्याच्या पुढे गेलो. मग आणखी कितीतरी जण मागे पडले. रेषा ओलांडली तेव्हा वेळ शिल्लक होती. मी वाकलो, ते दमाने नव्हे. गुडघ्यांवर हात ठेवून मला थोडं रडायचं होतं.

फाटकाबाहेर काका पहाऱ्यावरच्या शिपायाला श्वासाबद्दल समजावत उभे होते. मी पास झाल्याचं सांगितलं. त्यांनी माझ्या छातीवर तळहात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला आणि म्हणाले, "हौ. चल, चहा पिऊ."

पुढच्या लेखी परीक्षेतही पास झालो, नेमणूक दूरच्या जिल्ह्यात झाली. खोली सोडायच्या दिवशी सकाळी आम्ही शेवटचे एकत्र निघालो. रेसकोर्सच्या कोपऱ्यावर काका कठड्यावर बसले. म्हणाले, "तू एक चक्कर मारून ये. आज माझ्याबरोबर नक्को. तुझ्या चालीने पळ, मला बघू दे."

इतक्या महिन्यांत सकाळी मी त्यांना सोडून कधी पुढे गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो. श्वास मोकळा होता, पाय हलके होते, आणि वळणावर मागे पाहिलं तर इस्त्रीचा शर्ट लहान लहान होत होता. मी बराच जोरात पळालो. परत आलो तेव्हा ते तिथेच होते. रुमाल काढून त्यांनी शेजारची जागा झटकली आणि मला बसायला सांगितलं.